नांदूर मध्यमेश्वरजवळ खडीची खाण: एका अर्जाची छाननी

अर्ज नमुन्याचा आहे. अर्जदार, गट, अंतरे आणि विहिरींच्या पातळ्या छाननी दाखवण्यासाठी बेतल्या आहेत. पाणथळ, कायदा आणि दगड मात्र खरे आहेत.

मागणी अशी आहे. निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या हद्दीबाहेर, खासगी जमिनीवर २.४ हेक्टरचा दगडखाणपट्टा १० वर्षांसाठी हवा आहे. पट्टा २०० मीटर लांब, १२० मीटर रुंद. वरचा सव्वा मीटर काळी माती, त्याखाली पावणेतीन मीटर मुरूम आणि मग काळा दगड. खोली १८ मीटर, सहा-सहा मीटरचे तीन टप्पे. क्रशर शेजारच्या गटात आणि काढलेल्या मातीचा ढीग त्यापलीकडच्या गटात. ‘पाण्यापासून अंतर’ या रकान्यात १,६०० मीटर लिहिले आहे. शेवटी एक गोड आश्वासन: पर्यावरणासाठी म्हणून अर्जदार जलाशयातला काही गाळ स्वखर्चाने काढून देईल.

यातली सर्वात धोकादायक ओळ ही शेवटचीच, पण तिच्याकडे वळण्याआधी जागा समजून घ्यायला हवी.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ गेल्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला आणि त्यावरून गोदावरीचे डावे-उजवे कालवे निघाले. वरून येणारा गाळ बंधाऱ्यामागे साठत गेला. त्यातून उथळ पाणी, बेटे, पाणकणसाची दाट बने आणि दलदल तयार झाली. म्हणजे ज्याला पाटबंधारे खाते साठवणक्षमतेतला तोटा म्हणते, तेच पक्ष्यांचे घर आहे. १९८६ मध्ये १००.१२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. २०२० च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे अभयारण्याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. हिवाळ्यात पट्टकदंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या आणि वारकरी इथे मोठ्या संख्येने उतरतात. उथळ कडेला शेकाट्या आणि तुतवार चरत असतात.

अंतर कोणत्या रेषेपासून?

अर्जातले १,६०० मीटर हे पाण्याच्या काठापासून मोजलेले आहेत आणि तेही उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रावर. कायद्याला ती रेषा चालत नाही. २६ एप्रिल २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अभयारण्यांभोवती सरसकट एक किलोमीटरच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची सक्ती सैल केली, पण राष्ट्रीय उद्यान व अभयारण्यात आणि त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामाला मनाई कायम ठेवली. मोजायचे ते अभयारण्याच्या अधिसूचित हद्दीपासून पट्ट्याच्या सर्वात जवळच्या कोपऱ्यापर्यंत. पक्षीनिरीक्षण मनोऱ्यापासून किंवा पट्ट्याच्या मध्यबिंदूपर्यंत मोजलेले अंतर निरुपयोगी आहे.

तसे मोजल्यावर पट्ट्याचा सर्वात जवळचा हद्दखांब अभयारण्याच्या हद्दीपासून १,०९० मीटरवर निघतो. पट्टा सुटतो, पण मातीच्या ढिगाचा गट ९४० मीटरवर आहे. खाणकाम म्हणजे केवळ खड्डा नव्हे. ढीग, खाणीचा अंतर्गत रस्ता, सुरुंगसाहित्याची कोठी हे सगळे त्याचेच भाग आहेत. ढिगाची जागा बदलल्याशिवाय हा अर्ज पुढे सरकू शकत नाही. पट्ट्याच्या सहा खांबांचे डीजीपीएसने (उपग्रहावरून अचूक स्थान मोजणारे यंत्र) घेतलेले अक्षांश-रेखांश, ढिगाचे चार कोपरे आणि क्रशरचे चार कोपरे, असे चौदा बिंदू वनविभागाच्या हद्दीच्या नकाशावर एकत्र टाकून मगच टिपणी लिहावी.

पुढचे वर्तुळ पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचे. अशा अधिसूचनांच्या तक्त्यात नवे-जुने खाणकाम, दगडखाणी आणि क्रशर यांना बंदी असते. स्थानिक रहिवाशांना घर बांधण्या-दुरुस्तीपुरती माती खणायची तेवढी सूट मिळते. हद्द सगळीकडे समान रुंदीची नसते, म्हणून जोडपत्रातले बिंदू तपासावेत. जिथे अंतिम अधिसूचना नाही, तिथे पर्यावरण मंजुरी लागणारा १० किलोमीटरच्या आतला प्रकल्प राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीकडे जातो.

पाणथळ नियम, २०१७ बद्दल दोन गैरसमज सर्रास दिसतात. पहिला असा की सिंचनासाठी बांधलेला जलसाठा व्याख्येतूनच वगळला आहे, म्हणून हे नियम इथे लागू नाहीत. पण रामसर स्थळे नियमांत थेट नावाने येतात, त्यामुळे तो युक्तिवाद टिकत नाही. खरी मर्यादा वेगळी: वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालच्या क्षेत्रातली पाणथळे या नियमांतून वगळली आहेत, तिथे तो अधिनियमच चालतो. दुसरा गैरसमज उलट बाजूचा: या नियमांनी आसपासच्या खाणी आपोआप बंद होतात. नियम ४ मधल्या मनाईच्या यादीत अतिक्रमण, उद्योग, कचरा, सांडपाणी, शिकार आणि गेल्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आतले पक्के बांधकाम आहे, खाणकाम हा शब्द नाही. पाणलोटातल्या उत्खननावर बंधन आणायचे असेल, तर पाणथळाचे प्रभाव क्षेत्र आखून त्यात कोणती कामे नियंत्रित हे लिहावे लागते.

खरा धारदार आधार वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २९ मध्ये आहे आणि अर्जांच्या टिपण्यांत तो क्वचित दिसतो. अभयारण्यातल्या अधिवासाचे नुकसान तर त्यात येतेच. अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणे, थांबवणे किंवा वाढवणे हेही मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय करता येत नाही. आणि तो परवाना वन्यजीवांच्या भल्यासाठीच देता येतो. खाणीतला पंप ज्या ओढ्यात पाणी सोडणार, तो ओढा जलाशयात जात असेल तर प्रश्न हद्दीबाहेरचा राहत नाही.

दगडाचा हिशेब

खाणीच्या हद्दीपासून ७.५ मीटर पट्टी सोडावी लागते. मग खणायला १०५ बाय १८५ मीटर, म्हणजे १९,४२५ चौरस मीटर उरतात. अर्जदाराने यातून वरची चार मीटर वजा करून १४ मीटर दगड धरला आणि २ लाख ७२ हजार घनमीटर साठा दाखवला. हा आकडा फक्त उभ्या भिंतींच्या खड्ड्यातून निघतो. सहा मीटर उंचीच्या टप्प्याला किमान सहा मीटर रुंदी सोडली, तर दुसरा टप्पा ९३ बाय १७३ आणि तिसरा ८१ बाय १६१ मीटरचा होतो. तिन्हींची बेरीज करून माती-मुरूम वजा केला की साठा सुमारे २ लाख १४ हजार घनमीटर भरतो. फरक ५८ हजार घनमीटरचा, २.८३ घनमीटरचा एक ब्रास धरला तर २० हजार ब्रासहून जास्त. एवढा दगड टप्पे न ठेवता किंवा हद्दीबाहेर खणूनच निघू शकतो. साठ्याचा आकडा आणि टप्प्यांचा आराखडा एकमेकांशी जुळतात का, ही दहा मिनिटांची तपासणी पुढची बरीच भांडणे वाचवते.

मातीचाही हिशेब असाच. काळी माती सुमारे २४ हजार घनमीटर. खणल्यावर फुगून ३० हजार. पाच मीटर उंच ढीग केला तरी सहा हजार चौरस मीटर तळ लागतो, उतार धरून त्याहून अधिक. अर्जात ढिगाला २,००० चौरस मीटर दाखवले आहेत. उरलेली माती पहिल्या पावसात ओढ्यात जाणार, हे वेगळे सांगायला नको.

हादरे नव्हे, आवाज

अशा अर्जांत जमिनीच्या हादऱ्यांवर लांबलचक प्रकरण असते. ते गावातल्या घरांसाठी आवश्यक आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार घरांपाशी ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिलिमीटर ही मर्यादा आहे. पक्ष्यांसाठी मात्र त्याचा उपयोग जवळपास शून्य. नेहमीचे सूत्र आणि सर्रास वापरले जाणारे स्थिरांक (११४० आणि १.६) घेऊन एका विलंबात, म्हणजे एकाच क्षणी फुटणारे, २० किलो स्फोटक धरले, तर २०० मीटरवर २.६ मिलिमीटर आणि १,६०० मीटरवर ०.१ मिलिमीटरहूनही कमी वेग येतो. तो जाणवणारसुद्धा नाही.

थवा उडतो तो हवेतून आलेल्या अचानक धमाक्याने. निफाडचा हिवाळा राज्यात कडक थंडीसाठी ओळखला जातो. अशा निरभ्र थंड सकाळी जमिनीलगत गार आणि वर उबदार हवेचा थर बसतो. आवाज वर विरून न जाता खाली वाकतो आणि लांबवर पोहोचतो. एरवी एक किलोमीटरवर दबून जाणारा सुरुंग जानेवारीत सकाळी आठला जलाशयापलीकडेही ऐकू जातो. बदकांचे मोठे थवे दिवसा उघड्या पाण्यावर विसावतात आणि त्यातली बरीचशी रात्री चरायला जातात. दिवसाची विश्रांती रोज मोडली तर ती भरून काढायला वेळ उरत नाही.

म्हणून ‘सुरुंग फक्त दुपारी’ ही ठोकळेबाज अट अपुरी आहे. हंगामच बदलता येतो का ते पाहावे आणि इथे तो बदलतो. अडीच मीटर भार (छिद्रापासून दगडाच्या मोकळ्या तोंडापर्यंतचे अंतर), दोन छिद्रांत तीन मीटर अंतर आणि सहा मीटर खोली धरली तर एका छिद्रातून ४५ घनमीटर दगड सुटतो. वर्षाला २१,४०० घनमीटरसाठी सुमारे ४७५ छिद्रे. एका वेळी २५ छिद्रे उडवली तर वर्षात १९ सुरुंग. एवढ्या कामासाठी हिवाळ्याची गरजच नाही. १ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर सुरुंगबंदी ठेवून मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दगड फोडावा, तो साठवावा आणि वर्षभर उचलावा.

फोडण्याच्या पद्धतीतही फरक पडतो. जमिनीवर उघडी पसरलेली डिटोनेटिंग कॉर्ड (स्फोटक भरलेली वात) स्वतःच कर्कश वाजते. त्याऐवजी शॉक ट्यूब, म्हणजे जवळपास आवाज न करता ठिणगी पोहोचवणारी नळी, वापरावी. छिद्राच्या तोंडाशी भाराच्या अंतराइतकी, निदान त्याच्या ७० टक्के, कोरड्या खडीकचची ठासणी हवी. ओल्या मातीची ठासणी उडून जाते आणि धमाका तोंडातून बाहेर येतो. मोठे धोंडे वरून स्फोटक लेपून फोडणे पूर्ण बंद, ते काम रॉक ब्रेकरने. ब्रेकरची एकसारखी टकटक पक्षी एकवेळ सरावाने सोसतात, अवचित धमाका नाही.

पाण्याची वाट

या प्रकरणाचा निकाल खरे तर विहिरींनी लावला. जवळच्या तीन विहिरींत ऑक्टोबरमध्ये पाणी जमिनीपासून ४ मीटरवर आणि मे महिन्यात ११ मीटरवर आहे. दख्खनच्या काळ्या दगडात पाणी मुरमात, सच्छिद्र थरात आणि भेगांत फिरते. १८ मीटरचा खड्डा त्या पाण्याला बारमाही छेद देतो. खाण कोरडी ठेवायला पंप चालणार, विहिरी उतरणार आणि ज्या ओढ्याला हिवाळ्यात पाझराचे पाणी मिळते तो लवकर आटणार. पंपाचे पाणी त्याच ओढ्यात सोडून ‘भरपाई’ दाखवली जाते. पण ते गढूळ असते आणि पंप थांबला की बंद होते.

त्यामुळे शिफारस १० मीटर खोलीची, म्हणजे उन्हाळी पातळीच्या वरच. साठा निम्म्यावर, १ लाख ३ हजार घनमीटरवर येतो. सुरुंगही वर्षाला दहाच्या घरात. कामाचा क्रम पाण्याच्या पातळीमागे चालेल: ऑक्टोबरपासून फक्त माती आणि मुरूम, मार्चमध्ये सहा मीटरपर्यंतचा दगड, त्याखालचा मे महिन्यात. भूजल उपसायचे नाही. अर्जदाराला हे परवडत नसेल तर ही जागा या खाणीसाठी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पावसाचे पाणी राहिले. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर २.४ हेक्टरवरून सुमारे ९६० घनमीटर पाणी वाहते. दहा मायक्रॉनचा दगडी कण स्थिर पाण्यात सेकंदाला ०.११ मिलिमीटर खाली बसतो, म्हणजे मीटरभर खोलीला अडीच तास. दोन मायक्रॉनच्या कणाला त्याच्या पंचवीसपट वेळ, अडीच दिवसांहून जास्त. तो पूर वाहत असतानाच निवळायला सुमारे अडीच हजार चौरस मीटरचा तलाव लागेल. नकाशात दाखवलेला पाच बाय पाचचा ‘सेटलिंग टँक’ शोभेचा आहे. उपाय सोपा आहे: पाणी खाणीतच थांबू द्यायचे. सोळा हजार चौरस मीटरच्या तळावर ९६० घनमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर. ते निवळवून सेकंदाला १५ लिटरने बाहेर काढायला हिशेबाने सुमारे १३६ चौरस मीटर आणि खळबळीची तूट धरून दुप्पट, म्हणजे १० बाय २८ मीटरचा हौद पुरतो. एक साफ करताना दुसरा चालू राहावा म्हणून असे दोन.

फसते ते पहिल्या वर्षी, कारण तेव्हा थांबवायला खड्डाच नसतो आणि काळी माती उघडी पडलेली असते. तिचे बारीक कण हौदात बसतच नाहीत. म्हणून एका वेळी पाव हेक्टरच मोकळे करायचे, तेही पावसाळा संपल्यावर. उतारावर आधी बांध आणि १० बाय १० मीटरचा, सव्वा मीटर खोल खड्डा. काळ्या मातीचा ढीग गवत पेरून जूनआधी झाकलेला हवा. गढूळ पाण्याने पाणवनस्पतींना प्रकाश कमी पडतो. वारकरी आणि बरीच बदके त्यांच्यावरच जगतात.

वाहतूक थोडक्यात. अर्जदाराच्या आकड्यांनी दिवसाला २४० टन, १६ टनी १५ गाड्या, जाऊन-येऊन ३० फेऱ्या. खोली घटल्यावर निम्म्या. अभयारण्यातला रस्ता वर्ज्य, सूर्यास्तानंतर वाहतूक नाही, रस्त्यावर मारायचे पाणी जलाशयातून घ्यायचे नाही. क्रशरला लागणारी नवी ११ केव्ही वीजवाहिनी कोणी विचारात घेत नाही. कमी उजेडात उडणारे मोठे पक्षी तारांवर आदळतात. वाहिनी भूमिगत, नाहीतर क्रशर दुसरीकडे.

गाळाची भेट

आता ते आश्वासन. पूर आला की वरच्या अंगाच्या शेतांत पाणी शिरते आणि दोष गाळाला जातो. शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाही. पण ‘गाळ काढणे’ म्हणजे कुठला गाळ, हे न ठरवता पोकलेन उतरवले तर ते सर्वात सोप्या जागी, काठाच्या उथळ सपाटीवर खणतात. तिथेच शेकाट्या आणि तुतवार १५ सेंटिमीटरपर्यंतच्या पाण्यात चरतात, डोके बुडवून खाणारी बदके ३०-४० सेंटिमीटरमध्ये. दीड मीटर खणले की ती जागा दोघांच्याही कामाची राहत नाही आणि पुराची पातळीही फारशी उतरत नाही, कारण पाणी वाहते ते जुन्या पात्रातून.

पाटबंधारे आणि वन विभागांनी मिळून काढायचाच ठरवला, तर बंधाऱ्याच्या दारांजवळचा आणि जुन्या पात्रातला गाळ काढावा. कडेचा उतार १:१० पेक्षा तीव्र नको. बेटे आणि त्यांच्याभोवती १०० मीटर सोडावेत, कारण हिवाळी पाहुणे गेल्यावर, मार्च ते जूनमध्ये, तिथे नदी सुरय, आर्ली, टिटवी आणि शेकाट्या जमिनीवर अंडी घालतात. गाळाखालची वाळू लागली की काम थांबले पाहिजे. एरवी गाळाच्या नावाने वाळूचे डंपर निघतात. परवाना कलम २९ खालचा. खाणीच्या मंजुरीच्या बदल्यात हे काम एका खासगी पट्टेदाराकडे सोपवणे आम्हाला कोणत्याच अर्थाने योग्य वाटत नाही. आश्वासन अर्जातून वगळावे.

अर्जाबाहेरचे खड्डे

पट्ट्यावर अटींचा भडिमार होतो आणि शेजारी परवान्याशिवाय शेतसपाटीकरणाच्या, शेततळ्याच्या, वीटभट्टीच्या नावाने माती-मुरूम जातो. रस्त्यांसाठी लागणारी साधी माती २८ मार्च २०२० च्या दुरुस्तीने पर्यावरण मंजुरीतून सरसकट वगळली होती. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली. जुन्या आदेशाची प्रत दाखवून काम चालू ठेवणाऱ्याला ही तारीख सांगावी. विनापरवाना उत्खननावर जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, पण तलाठ्याच्या पंचनाम्यात खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली नसेल तर तो टिकत नाही. ‘अंदाजे ५० ब्रास’ असे लिहू नये. ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्राने मोजणी करावी.

पट्ट्यांचा समूह (क्लस्टर) होतो का, तेही पाहावे. दोन पट्ट्यांच्या कडा ५०० मीटरच्या आत असतील तर पर्यावरण मंजुरीसाठी त्यांचे क्षेत्र एकत्र धरले जाते. नकाशावर ५१० मीटर अंतराने ओळीत बसवलेले अर्ज आले तर ते योगायोगाने तसे आलेले नसतात.

नजर ठेवायची ती कशावर

खाण सुरू होण्याआधी निदान एक पूर्ण हिवाळा आणि एक पावसाळा नोंदी हव्यात. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेचा एक आकडा पुरत नाही. ऑक्टोबर ते मार्च दर पंधरवड्याला ठरलेल्या चार-पाच जागांवरून मोजणी करावी आणि प्रत्येक मोजणीसोबत बंधाऱ्याची त्या दिवशीची पाणीपातळी लिहावी. कालव्याचे आवर्तन सुटले की पातळी उतरते, उथळ भाग उघडे पडतात आणि पक्षी जागा बदलतात. पातळीची नोंद नसेल तर घट खाणीमुळे की आवर्तनामुळे, हे पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही आणि वादात ती अनिश्चितता नेहमी खाणीच्या बाजूने जाते.

सुरुंगाच्या दिवशी धमाक्याआधी पाच मिनिटे आणि नंतर अर्धा तास: किती उडाले, किती वेळाने बसले, कुठे बसले. ओढ्यावर खाणीच्या वर आणि खाली गढूळपणा मोजावा. वरचा आकडा नसेल तर खालच्याला अर्थ नाही. विहिरींची पातळी दरमहा. खोली सहा महिन्यांनी ईटीएस किंवा ड्रोनने, ‘महाखनिज’ या शासकीय संगणक प्रणालीवरील वाहतूक पासांच्या बेरजेशी ताडून. खड्ड्यातून गेलेला दगड पासांपेक्षा जास्त निघाला तर पुढचे पास बंद.

बंद करतानाचा आराखडा आजच मंजूर व्हावा. उभ्या भिंतींचा पाण्याने भरलेला खड्डा म्हणजे पाणथळ नव्हे. तिथे चरायला जागा नसते आणि गुरे-माणसे बुडतात. एका बाजूला राखून ठेवलेल्या माती-मुरमाने १:८ ते १:१० उतार द्यावा, उरलेल्या तीन बाजूंना कुंपण. सावलीकडच्या भिंतीत एखादी कपार तशीच ठेवावी. जुन्या खाणींच्या कपारींत शृंगी घुबड घरटे करते. राडारोडा आणि कचऱ्याने भरणे नाही. बँक हमीची रक्कम या मातीकामाच्या चालू दरावर ठरवावी आणि उतार ईटीएसने मोजून, एक पावसाळा टिकल्याचे पाहिल्यावरच ती सोडावी.